योहानमास्तरांनी न सांगितलेला शेवट

त्या सकाळी गफूरभाई गळ्यातली टेप न काढताच माझ्या दुकानाची पायरी चढले. गफूरभाई माझ्या शेजारचे शिंपी, मूळचे इंदुरीचे. म्हणाले, "भाऊ, मास्तर गेलं." मी ओरडलोच, "असे कसे गेले? मला शेवट न सांगता?" गफूरभाईंनी कपाळाला हात लावला. "मानूस मेलाय भाऊ, आन् तुमी अजून त्याच्याशी भांडताय!" हो, भांडतोय. आता दीड महिना झाला, तरी राग उतरलेला नाही. मास्तरांबद्दल चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. लोणावळ्यातली निम्मी मुलं त्यांच्या मिशनच्या शाळेत शिकली. मी मात्र माझी तक्रार लिहिणार आहे.

मी टाकवे गावचा. डोक्यावर अंड्यांची पाटी घेऊन लोणावळ्याचे बंगले हिंडलो आणि त्यातूनच हे वाण्याचं दुकान उभं केलं. साहेब लोक विलायतेला परत निघाले की त्यांचं सामान मी एकगठ्ठा घेत असे. असाच एकदा एका इंजिनियरचा माल आला. त्यात तांबड्या पुठ्ठ्याची एक जाडजूड इंग्रजी कादंबरी होती. मास्तर काडेपेटी घ्यायला आले होते, ते तिथंच उभ्याउभ्या ती वाचत राहिले. "रामभाऊ, आठ दिवस नेऊ का?" मी म्हटलं, "न्यायची नाही. दर रविवारी तुमचं चर्च सुटलं की इथं बसायचं आणि आम्हाला मराठीत सांगायची. चहा माझा." त्यांनी दोन चहा मागितले. मी एकावर आणलं. सौदा ठरला.

गोष्ट अशी होती. एका इंग्रज डॉक्टरला कुठल्याशा जुन्या मठात एक चामड्याचा कागद सापडतो. येशूला ज्या बागेत पुरलं त्या बागेच्या माळ्याची ती जबानी. डॉक्टरचं लग्न ठरलंय बिशपच्या मुलीशी. त्यामुळे कागदात काय निघतं यावर त्याचं सगळं आयुष्य टांगलेलं. तीन महिने आमचा जीव वरखाली होत होता. रविवारी दुपारी गिऱ्हाईक आलं तरी मी उठत नसे. शेवटी कागद वाचायचा रविवार उजाडला. मास्तर थांबले... चष्मा पुसला... पुन्हा थांबले. मग म्हणाले, "माळी लिहितो, मी पहाटे वाफ्यांना पाणी द्यायला गेलो तर थडग्यावरचा दगड बाजूला सरलेला आणि साक्षात प्रभू उभे! मी पाया पडायला गेलो, तर प्रभू म्हणाले, आधी पाणी पुरं कर, रोपं सुकतील." गफूरभाईंनी मांडीवर थाप मारली. "ह्यो कामाच्या मानसाचा देव हाय!"

मला मात्र खटकलं. माझा जन्म वजनमापात गेलाय. कागद चांगला निघाला, बिशप खूश झाला, मग डॉक्टरपुढं अडचण कसली उरली? आणि पुस्तकात तर अजून बोटभर पानं शिल्लक होती! ती पानं भरायला मास्तरांनी लग्न काढलं. तीन रविवार लग्नच चाललं होतं. चौथ्या रविवारी विलायतेतल्या पंगतीत पुरणपोळी वाढली, तेव्हा मी उठलो. गफूरभाई गेल्यावर मास्तरांना धरलं. "मास्तर, माप मारताय."

"मारत नाही रामभाऊ, पदरचं घालतोय." मग हळूच म्हणाले, "पुस्तकातला माळी म्हणतो, थडगं रिकामं होतं, कारण ते मीच रिकामं केलं. म्हणजे प्रभू उठलेच नाहीत! ते वाचून मला दोन दिवस अन्न गेलं नाही. ते तुम्हाला कशाला वाढू?"

"मग पुस्तक मिटायचं होतं!"

मास्तर ओशाळले. "काय करू? लिहिणारा लबाड आहे, पण गोष्ट काय सांगतो हो!"

"डॉक्टरनं कागदाचं काय केलं? जाळला? छापला? लग्न तरी झालं का?"

मास्तर छत्री उचलून चालू लागले.

पुढच्याच रविवारी मास्तरांच्या मागोमाग मिशनचे मोठे पाद्री दुकानात आले. गोरा माणूस, मराठी पोथीसारखं. मास्तर बाजारात धर्मबुडवी कादंबरी वाचतात, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. मास्तरांची नोकरी मिशनची, राहती खोली मिशनची, घरात चार मुली. पाद्री तांदळाच्या पोत्यावर बसले आणि म्हणाले, "त्या माळ्याचे प्रकरण मला ऐकवावे." मास्तरांनी पुस्तक उघडलं. त्यांच्या माळ्यानं पाणी दिलं ते असं दिलं, की पाद्र्यांनी रुमाल काढला. "उत्तम! हे आपण मराठीत छापू. मूळ पुस्तक मजकडे द्यावे." आणि हात पुढं केला.

मास्तरांचा चेहरा चुन्यासारखा झाला. मी पुस्तक ओढून घेतलं. "विकलं गेलंय साहेब."

"कोणास?"

"मला," गफूरभाई म्हणाले. त्यांना धड सहीदेखील येत नसे. पाद्र्यांनी विचारलं, "आपण इंग्रजी वाचता?" "न्हाई साहेब. नातवासाठी घेतलंय. त्यो अजून जल्मायचाय."

पाद्री मग माझ्याकडे वळले आणि त्यांनी पुस्तकाचा भाव सांगितला. तेवढ्यात तसली पन्नास पुस्तकं आली असती. मी नाही म्हटलं. त्यांनी भाव वाढवला. आता माझं डोकं फिरलं. असला भाव सोडायला लावणाऱ्या मास्तरांचा राग आला, तो मी पाद्र्यांवर काढला. "साहेब, आज रविवार! तुमच्या शास्त्रात आज सौदा चालतो?" पाद्री लालबुंद झाले, उभे राहिले आणि चक्क माझी माफी मागितली. म्हणाले, "उद्या येतो."

उद्या येतो! मी त्याच संध्याकाळी पुस्तकाची शिवण उसवली. सोमवारी सकाळपासून हळद, चहा, शेंगदाणे, सगळं त्याच पानांत बांधलं. दुपारी पाद्री येईपर्यंत बिशप आणि त्याची मुलगी बाजारकऱ्यांच्या पिशव्यांतून पार टाकव्यापर्यंत पोचली होती. पाद्री हळहळून परत गेले. शाळा सुटल्यावर मास्तर आले. त्यांनी फळीवरची एक पुडी उचलली, उजेडात धरून चारी बाजूंनी वाचली आणि म्हणाले, "अरेरे, हे पान फार चांगलं होतं."

"आता शेवट सांगा," मी म्हटलं. "तुमच्यासाठी पुस्तक फाडलंय."

"नोकरीत आहे तोवर नको."

ठीक. मी थांबलो. लढाई लागली, संपली. मुलींची लग्नं झाली. मी दरवर्षी विचारायचो. साखर देऊ केली, नवी छत्री देऊ केली, एकदा तर दोन महिने बोललो नाही. मास्तर पेन्शनीत गेले त्याच दिवशी मी त्यांच्या दारात हजर. मास्तर म्हणाले, "रामभाऊ, खरंच सांगतो, आता मला माझाच शेवट आठवतो. पुस्तकातला पुसला गेला." मी त्यांना खोटारडा म्हणालो. ते हसले आणि त्यांनी चहा मागवला. दोन कप. ते खरं बोलत होते की मला शेवटपर्यंत खेळवत होते, हे मला आजही कळलेलं नाही.

गेल्या रविवारी स्टेशनातला नवा कारकून दुकानात आला. शिकलेला मुलगा. गफूरभाई त्याला मास्तरांची गोष्ट सांगत होते. तो म्हणाला, "ही तर मी वाचली आहे! शेवट अगदीच वेगळा आहे हो. डॉक्टर तो कागद घेऊन—"

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडलो की तराजू हलला. "दुकान बंद करायचंय." दुपारचे तीन वाजले होते.

तो गेल्यावर गफूरभाई म्हणाले, "भाऊ, यवढी वर्सं वाट बघितली, आन् फुकट मिळत व्हतं ते घालवलं?"

"त्याच्याकडून नको," मी म्हटलं. आणि उगीच फळ्या पुसत राहिलो.

कारकून आता रोज सामान न्यायला येतो. मी आजवर सख्ख्या मेव्हण्यालाही कधी एक पैसा सोडला नाही. पण या मुलाला न मागता सूट देतो. अट एकच आहे. माल घ्यायचा आणि तोंड न उघडता पायरी उतरायची.