काड्या न उमटलेला दगड

विश्रामबागेतल्या कॉलेजात सलिमाला नोकरी लागली ती नवरा वारल्यावर, त्याच्याच जागी. काम एकच: दगडाचा पातळ काप काचेवर चिकटवायचा आणि घासत बसायचं, पार उजेड आरपार जाईस्तोवर. बावीस वर्षांत तिनं पाचगणी-महाबळेश्वरपासून अख्ख्या साताऱ्याचे काळे दगड घासले. थांबायचं कधी, ते डोळाच सांगायचा. सूक्ष्मदर्शकाखाली शेवयांसारख्या काड्या दिसत. त्यांचा पिवळेपणा जाऊन त्या राखी-पांढऱ्या झाल्या, की हात आवरायचा.

"मावशी, एवढाच तुकडा आहे हं," पीएच.डी. करणारी संयोगिता सकाळी म्हणाली होती. दगड जपानकडच्या समुद्रातला, दुसऱ्या कुणाकडून मागून आणलेला. "बाकीचा कुटून तपासणीला गेला."

"अगं, दगडच की. पळून जातोय व्हय?"

दुपारी तिनं काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. काड्या दिसेनात. काळ्या भुईवर पिवळ्या सुया, बास. जाड राहिला असंल म्हणून तिनं घासला. सुया फिकटल्या, काड्या नाहीतच. आणखी घासला. कापाची कड विरून खालची कोरी काच दिसली, तेव्हा तिनं हात थांबवला. अजून चार हात, आणि पोरीची चार वर्षं मोरीत. काच फुटली म्हणून सांगावं का? शेवटी तिनं हाक मारली.

"संयोगिता, ये गं. दगड सरत चाललाय, काड्याच येईनात."

संयोगिता धावत आली, सूक्ष्मदर्शकावर वाकली.

"मावशी, याच्यात काड्या नसतातच."

"सगळ्या दगडांत असत्यात."

"आपल्याकडच्या. तिकडं समुद्राचा तळ खाली खाली बुडतो. त्याचं पाणी वरच्या तापलेल्या खडकात मुरतं, आणि आधीच एकदा पिळून निघालेला तो खडक पुन्हा वितळतो. काड्यांचा माल त्यात उरलेलाच नसतो. म्हणून तर वेगळं नाव, बोनिनाइट. काड्या नाहीत, हीच त्याची ओळख."

"मग सकाळी का न्हाई सांगितलंस?"

"वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

सलिमानं ओले हात पदराला पुसले.

"किती उरला?"

"नखाएवढा."

"पुरंल?"

"पुरेल. बहुतेक."

सलिमानं दर कापासारखा याच्याही काचेवर नंबर कोरायला हिऱ्याची पेन्सिल उचलली. टोक काचेवर टेकेना. तिनं पेन्सिल पोरीच्या हातात दिली.

"तूच कोर."