दाजींना न सांगितलेलं

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी रंकाळ्यावर होतो. सकाळचे सात वाजले असतील. भाचा रडत नव्हता, नुसता म्हणाला, "मामा, बाबा गेले. चहा घेतला आणि बसल्या जागी गेले." मी तिथल्याच कठड्यावर टेकलो. खरं सांगायचं तर त्या पहिल्या क्षणी मला दुःख झालं नाही. हलकं वाटलं. आता त्यांना सांगावं लागणार नाही, हा पहिला विचार मनात आला. पाठोपाठ स्वतःची लाज वाटली, मग रडू आलं... पण क्रम हाच होता. तो लपवून हा लेख लिहिण्यात काही अर्थ नाही. लपवण्याचं काम मी अडीच वर्षं केलं आहे, तेवढं पुरे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि मग कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षा सुपरवायझर म्हणून दहा-बारा वर्षं राहिले. त्यांचं गाव कागलच्या पलीकडे, कर्नाटकाच्या शिवेवर. आवाज असा, की फोनवर बोलायला त्यांना फोनची गरज नव्हती. मी शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो ते पुढे, पण ते मला नावानं कधी हाक मारत नसत, मास्तरच म्हणत. लग्नात मी अकरावीत होतो तेव्हापासून मास्तर. इंग्रजीत एकदा नापास झालो तेव्हासुद्धा मास्तरच म्हणाले आणि पुन्हा परीक्षेला बसायचे पैसे गुपचूप खिशात घातले.

लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच त्यांची पलटण श्रीलंकेत गेली. तिकडच्या यादवीत शांतता राखायला आपली फौज गेली होती, त्या वेळची गोष्ट. दाजी तेव्हा नाईक होते. जाफन्याजवळच्या एका गावात जुन्या भातगिरणीत त्यांची चौकी होती. तिथल्या लढाईबद्दल त्यांनी आम्हाला कधी काही सांगितलं नाही. विचारलं तर पाऊस आणि डास यांच्याबद्दल बोलत. पण एक गोष्ट मात्र ते रंगवून सांगत, लग्नात, बारशात, गेटवरच्या पोरांना, जो सापडेल त्याला. ती पितळी डब्याची.

चौकीला लागून ताडाच्या झावळ्यांचं कुंपण होतं आणि पलीकडे एक घर. त्या घरातली बाई चाळिशीची, नवरा पोस्टात, एक लहान मुलगी. दाजींना ताप आला होता त्या दिवसांत तिनं कुंपणावरून एक पितळी डबा दिला. आत पुट्टू, म्हणजे तांदळाचं पीठ आणि खोबरं घालून वाफवलेला प्रकार. दाजींनी तिला आक्का म्हटलं. तिकडेही थोरल्या बहिणीला आक्काच म्हणतात, हे ऐकून ती हसली. डबा खाऊन झाला, घासून लख्ख झाला. आता परत कसा द्यायचा? आपल्याकडे शेजारणीचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही, निदान साखरेची चिमूट तरी घालतो. चौकीतल्या रेशनची साखर घालणं दाजींना कमीपणाचं वाटलं. कोल्हापूरचा माणूस, गूळच द्यायचा. त्यांनी घरी पत्र टाकलं, रजेवरून परतणाऱ्या जवानाबरोबर गूळ पाठवा. तोही नवा, गेल्या वर्षीचा काळपट नको. गुऱ्हाळं सुरू व्हायला अजून तीन आठवडे होते. तीन तर तीन.

तेवढे दिवस दाजी रोज तो डबा घासत आणि गिरणीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवत. झाकणावर तमिळमध्ये ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं, आपल्याकडे भांड्यांवर असतं तसं. पुढचा भाग सांगताना दाजी उभे राहत आणि नक्कल करत. आक्का दोनदा कुंपणाशी आली, हातानं खुणा केल्या, डबा दे, डबा दे. दाजी हात जोडून म्हणायचे, "थांब की आक्का, गूळ यायला लागलाय." तिला मराठी येत नाही आणि यांना तमिळ. ती परत खुणा करायची, हे परत हात जोडायचे. ऐकणारे खो खो हसत. मीही किती वेळा हसलोय. गूळ पोचायच्या आधीच पलटणीला हलायचा हुकूम आला, तासाभरात सामान बांधलं आणि डबा ट्रंकेत तसाच राहिला. गोष्ट इथं संपायची. संपल्यावर मात्र दाजी एकदा जाऊन डबा द्यायला पाहिजे असं म्हणत.

हे ते पस्तीस वर्षं म्हणाले. शेवटची सहा-सात वर्षं तर मला म्हणत होते, कारण बरोबर इंग्रजीवाला हवा होता. मी आज-उद्या करत राहिलो. शेवटी भाच्यानं त्या गावच्या शाळेचा पत्ता इंटरनेटवर शोधला, डब्याच्या झाकणाचा फोटो पाठवला आणि आठ दिवसांत उत्तर आलं. त्या घरातली लहान मुलगी, मालती, त्याच शाळेत शिक्षिका होती. आई हयात आहे, या, एवढंच लिहिलं होतं. दाजींनी तो मेसेज प्रिंट काढून पाकिटात ठेवला. वर्षभरापूर्वीच त्यांची बायपास झाली होती. निघताना ताईनं मला बाजूला घेऊन बजावलं, त्यांना दगदग नको, मनाला लागेल असं काही नको. त्या डब्यात बरोबर मावेल असा गुळाचा रवा, म्हणजे लहानशी ढेप, दाजींनी स्वतः गुऱ्हाळावर उभं राहून करून घेतला होता. नवा.

चेन्नईहून जाफन्याचं विमान तासाभराचं. खिडकीतून ताडाची झाडं दिसायला लागल्यावर दाजींनी डब्याची पिशवी मांडीवर घेतली. गावात पोचल्यावर गाडी लांबच थांबवायला लावली आणि चालत निघाले. भातगिरणीच्या जागी आता संगणकाचा क्लास आहे. कट्टा मात्र तोच. दाजींनी त्याच्यावर हात ठेवला, कुठं कोण झोपायचं ते सांगितलं, आमचे दोघं इथनं परत आले न्हाईत, एवढं बोलले आणि पुढे निघाले. पस्तीस वर्षांत त्या दोघांचा उल्लेख मी पहिल्यांदा ऐकला. झावळ्यांच्या कुंपणाच्या जागी सिमेंटची भिंत आली होती. आक्का पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, पांढऱ्या साडीत, बारीकशी. दाजींनी डबा दोन्ही हातांनी तिच्या मांडीवर ठेवला. प्रवासभर पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "आक्का, रिकामा कसा द्यायचा म्हणून ठेवला हुता. लई उशीर झाला." ते मी इंग्रजीत सांगितलं, मालतीनं तमिळमध्ये.

आक्कानं झाकण उघडलं, गूळ पाहिला, झाकण लावलं. मग वरच्या नावावरून बोट फिरवत बोलायला लागली. हळू, न रडता, बराच वेळ. मालती ऐकत होती आणि मग तिनं मला जे सांगितलं ते मी आज पहिल्यांदा मराठीत लिहितोय. झाकणावरचं नाव मालतीच्या वडिलांचं होतं. डबा तीन आठवडे चौकीच्या कट्ट्यावर उन्हात होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं ते नाव वाचलं होतं. आई दोनदा मागायला गेली ती त्याचसाठी. फौज गेल्यावर आठ दिवसांनी, फौजेशी लढणाऱ्यांपैकी काही माणसं सायकलवरून आली. तुमच्या घरातून चौकीत जेवण कसं जात होतं, असं विचारलं आणि वडिलांना जरा बोलायचंय म्हणून घेऊन गेली. ते परत आले नाहीत. कुठं नेलं, काय झालं, आजपर्यंत कळलेलं नाही. एवढं सांगून मालती म्हणाली, "त्यांना सांगा. आईला त्यांनी हे ऐकायला हवं आहे."

दाजी माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत नुसती उत्सुकता. "काय म्हणत्यात आक्का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "म्हणतात, इतक्या वर्षांनी आलात, बरं वाटलं. यजमान मागंच वारले त्यांचे."

दाजी हसले. तोंडभरून हसले, हात जोडले आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. मालती त्यांच्याकडे पाहतच राहिली. मग मला विचारलं, सांगितलं ना? मी हो म्हणालो. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण इतकं छोटं आणि इतकं खोटं वाक्य मी कधी बोललो नव्हतो. त्यानंतर चहा आला. दाजींनी दोन कप घेतले आणि चहा झकास असल्याचं खुणेनं सांगितलं. आक्का त्यांच्याकडे बघत नव्हती.

मी असं का केलं? दाजींचं हृदय, ताईनं दिलेली ताकीद, ही कारणं माझ्याकडे तयार होती आणि ती खरीही आहेत. पण त्या पडवीत मला त्यातलं काहीच आठवलं नव्हतं. मी घाबरलो, एवढंच. छान चाललेली सहल माझ्या तोंडून बिघडू नये, असं मला वाटलं. ज्या माणसानं आयुष्यात कुणाला पाठ दाखवली नाही त्याच्या वतीनं मी पाठ दाखवली, आणि त्याला न विचारता.

परत आल्यावर गोष्टीला नवा शेवट मिळाला. डबा पोचला, आक्का भेटली, लई बरं वाटलं म्हणाली. दाजी ती आता दुप्पट उत्साहानं सांगत. नक्कल सुरू झाली की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठायचो. शिवाय दर गुऱ्हाळाला आक्काला गूळ पाठवायचा, असं त्यांनी ठरवलं. पार्सलवर पत्ता मी लिहायचा. पहिलं पार्सल गेल्यावर मालतीचा मेसेज आला, कृपा करून पाठवू नका, आई ते उघडत नाही. मी दाजींना गूळ मिळाला म्हणून सांगितलं. दुसरं पार्सल मी पाठवलंच नाही, गूळ शाळेच्या शिपायाला देऊन टाकला आणि तोही मिळाला म्हणून सांगितलं. आक्काचा निरोप काय, असं ते आठवड्याला विचारायचे. मी काहीबाही सांगायचो... एकदा तर पुढच्या वेळी ओला गूळ नको म्हणाल्यात, असंसुद्धा सांगितलं. त्यावर दाजी गुऱ्हाळवाल्याशी भांडून आले.

दाजी जाण्याच्या महिनाभर आधी मी ताईकडे जेवायला गेलो होतो. जेवण झाल्यावर दाजी पायरीवर बसले, मला शेजारी बसवलं आणि नेहमीच्या मानानं बरंच हळू बोलले. "मास्तर, त्या दिवशी आक्का लई येळ बोलत हुती. तुम्ही मला दोनच वाक्यं सांगितलासा."

तमिळ लोकांना थोडक्यात बोलता येत नाही, असं काहीतरी मी चेष्टेनं म्हणालो. ते थोडं हसले, पण विषय सोडला नाही.

"माझ्याकडनं काय चुकलं असंल तर सांगा की. मी काय फुटणार न्हाई."

त्यांनी दार सताड उघडून दिलं होतं. मला फक्त आत जायचं होतं. मी म्हणालो, "काही नाही हो दाजी, उगाच काहीतरी डोक्यात घेता." त्यांनी मान हलवली, पायरीवरचा तांब्या उचलला आणि आत गेले. पुन्हा विचारलं नाही. आक्काचा निरोपही नंतर कधी विचारला नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर पाहुणे पांगले तेव्हा ताईनं कोठीतून एक पिशवी आणली. दाजींनी यंदाचा रवा बांधून ठेवला होता. मला म्हणाली, एवढा पत्ता लिहून दे, त्यांची इच्छा होती. मी पेन हातात घेतलं आणि मला लिहिता येईना. मग सगळं सांगितलं तिला, पहिल्यापासून. ती भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "त्यांना न्हाई सांगितलंस. आता तिला तरी खरं सांग. ते हसले ते तुझ्या बोलण्याला हसले, म्हणून सांग."

इतका वेळ मी दाजींना काय वाटलं असतं याचाच विचार करत होतो. ताईला हे मिनिटात दिसलं. अडीच वर्षं त्या पडवीत बसलेल्या बाईच्या समोर एक माणूस होता, ज्यानं तिच्या नवऱ्याबद्दल ऐकलं आणि तोंडभरून हसला. तो माणूस मी तयार केला होता.

त्याच संध्याकाळी मी मालतीला लिहिलं. दाजी गेले हे लिहिलं, मग बाकीचं. त्यांना शेवटपर्यंत काहीही माहीत नव्हतं, मी सांगितलं नाही, दोष माझा आहे, दाजींचा नाही. तीन दिवस काही आलं नाही. चौथ्या दिवशी उत्तर आलं. आईला वाचून दाखवलं, असं तिनं लिहिलं होतं. मग आईनं एकच गोष्ट विचारायला सांगितली. तुम्ही सांगितलं असतं, तर ते काय म्हणाले असते?

चाळीस वर्षं मी त्या माणसाला ओळखत होतो. त्यांच्या गोष्टी, नकला, शिव्या, सगळं मला पाठ आहे. गेले आठ दिवस मी रोज ते उत्तर उघडतो, दाजींच्या आवाजात एखादं वाक्य लिहून पाहतो आणि खोडतो. त्यांच्या वतीनं एकदा बोललो, ते पुरे झालं. आक्काला मी अजून काहीही कळवलेलं नाही.