लीलाकाकींचं पाऊल

गेल्या शनिवारी आमच्या लॅबचा ओपन डे होता. घणसोली गावात मी ज्यांच्याकडे भाड्याने राहते, त्या लीलाकाकी आपणहून म्हणाल्या, मला पण ने. इतक्या दिवसांत त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं...

कारण मला माहीत होतं. लॅब उभी आहे तिथे त्यांचं भातशेत होतं. नवं शहर वसवताना जमीन गेली, कंपाउंड झालं, आणि तेव्हापासून काकींचा पाय तिथे लागला नव्हता.

आमचं काम थोडक्यात सांगते. अवकाशात दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की गुरुत्वीय लहरी निघतात. त्या पृथ्वीवरून जाताना दोन आरशांमधलं अंतर अगदी नकळत बदलतं, ते लेसरने मोजायचं. पण आरसे ज्या जमिनीवर उभे, तीच सारखी हलते... शेजारी इमारतीच्या पायासाठी पायलिंग सुरू झालं, ट्रक गेला, अगदी खोलीत कुणी चाललं तरी सगळं बोंबललं. हे हलणं आरशापर्यंत पोचूच द्यायचं नाही, ही माझी पीएचडी. लॅबमध्ये त्याचं छोटं मॉडेल आहे.

काकी ठेवणीतली साडी नेसून आल्या. गरज नसताना चपला दाराबाहेर काढल्या. त्या आत चालायला लागल्या आणि आरशाची हालचाल दाखवणारी स्क्रीनवरची रेघ उसळली, तशा घाबरून थांबल्या. मी म्हटलं, काही बिघडलं नाही काकी, तुम्ही चाललात ते जमिनीला कळलं, तेच दिसतंय. त्यांनी अजून एक पाऊल टाकलं आणि नुसत्या बघत राहिल्या.

मग मी नेहमीचा डेमो केला. मोठ्या ऐटीत हलणं अडवणारी सिस्टिम ऑन केली, रेघ सपाट. मागे कॉलेजची मुलं उभी होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

काकी पुन्हा दोन पावलं चालल्या. रेघ ढिम्म. त्यांनी पाय जरा आपटून पाहिला, तरी काही नाही.

"आता मी चालले तं कलत नाय त्याला?"

नाही कळत काकी, तेच आमचं काम, असं कसंबसं बोलले... इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

आमचे सर बाजूलाच होते. भयंकर शिस्तीचा माणूस, डेमो मध्येच थांबवलेला त्यांना अजिबात खपत नाही. ते पुढे आले, स्वतःच्या हाताने सिस्टिम बंद केली आणि मुलांना जरा बाहेर थांबायला सांगितलं.

काकी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालल्या. सावकाश, बांधावरून चालावं तशा. पावलागणिक रेघ उठत होती. शेवटी त्या वाकल्या, फरशीला हात लावून तो कपाळाला लावला.

"वलखतंय गो पोरी... अजून वलखतंय मना."

सोमवारपासून मी पुन्हा तीच सिस्टिम सुधारायला बसलेय. इतक्या लांबचं ऐकायचं तर जवळचं सगळं गप्प करावंच लागतं, त्याला इलाज नाही.

आमच्याकडे असल्या डेटाला नॉइज म्हणतात आणि काढून टाकतात. शनिवारचा मी ठेवलाय.