नाव घे, मग सुईण बोलावू

आमच्या आत्याबाईंची परवानगी मिळाल्याशिवाय गावात एकही मूल जन्माला येत नसे. दिग्रसच्या अलीकडचं आमचं गाव तसं लहानच, पण त्यातली कुठली बाई कधी बाळंत होणार हे ना तिनं ठरवायचं, ना सुईणीनं, ना देवानं. ते आत्याबाई ठरवायच्या. त्या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. कोवळ्या वयात विधवा होऊन भावाच्या घरी परतलेल्या. उंच, हाडकुळ्या, आणि आवाज असा की अंगणात बोलल्या तर वेशीवरचं कुत्रं उठून बसायचं. स्वतः त्या कधीच बाळंत झालेल्या नव्हत्या. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती. कुणाला कळा लागल्या की सुईण येऊन ओसरीवर पान चघळत बसायची, आत्याबाई आत जाऊन त्या बाईला डोक्यापासून टाचेपर्यंत न्याहाळायच्या आणि बाहेर येऊन सांगायच्या, "अजून टाइम हाये." त्यासरशी सुईण निमूट उठून घरी जायची. लग्नाच्या मुहूर्तालासुद्धा गावात एवढा मान नव्हता.

खरी कळ कोणती आणि खोटी कोणती, हे ओळखायची त्यांची एक परीक्षा होती आणि ती त्यांनी स्वतःच शोधून काढली होती. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव उठल्याबसल्या घेत नाही. घ्यायचंच झालं तर लाजत, पदर सावरत, उखाण्यात गुंफून. आत्याबाईंचं म्हणणं असं, की जोवर उखाणा सुचतो आहे तोवर ती कळ नव्हेच, पोटातलं वारं आहे, ओवा द्या. खरी कळ आली की बाई उखाणा विसरते, लाज विसरते आणि नवऱ्याचं नाव नुसतं तोंडातून बाहेर पडतं. शेजारच्या सुनेला त्यांनी असं नाव घ्यायला सांगितलं तेव्हा ती ओरडली, "त्या मुडद्या नामदेवचं नाव माह्यापुढं काढू नका वो माय!" आत्याबाई प्रसन्न झाल्या. "पाणी ठेवा तापत," म्हणाल्या. घटकाभरात तिला मुलगी झाली आणि आत्याबाईंची कीर्ती पार पलीकडच्या तांड्यापर्यंत गेली. शेळीला नाव विचारायची सोय नसल्यामुळे आमच्या शेळ्या तेवढ्या त्यांना न विचारता व्यायच्या. हा उद्धटपणा त्यांना फार लागत असे.

एकदा पुसदच्या बसमध्ये आमच्या पुढच्या बाकावर एक मास्तरीणबाई बसल्या होत्या, दिवस गेलेल्या. खड्ड्यात बस आदळली तसं त्यांनी पोटावर हात ठेवला. झालं! आत्याबाई उठून त्यांच्यापुढे उभ्या. "नाव घे बरं नवऱ्याचं." मास्तरीणबाई शिकलेल्या, त्यांनी हजेरी द्यावी तसं नवऱ्याचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव सांगून टाकलं. आत्याबाईंनी बस थांबवली. कंडक्टरसकट सगळी पुरुषमंडळी खाली उतरवली, खिडक्यांना धोतरं बांधायला लावली आणि मला म्हणाल्या, "पदर खोच." मास्तरीणबाई रडकुंडीला येऊन सांगत होत्या की मला काही होत नाही हो, मला भूक लागली आहे. शेवटी त्यांना शेवचिवडा खायला घातला, तेव्हा बस हलली. पुढे महिना उलटून गेल्यावर त्या बाळंत झाल्याचं कळलं. आत्याबाई म्हणाल्या, "शिकेल बायकाईचं काई खरं नसते." परीक्षेत काही खोट असेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही. आम्ही पोट धरधरून हसलो. तेव्हा मलाही ते गमतीचंच वाटलं होतं.

मग विमलचे दिवस भरले. विमल माझी धाकटी जाऊ, दिराची बायको. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता आमच्याकडे होणार होतं. आईवेगळी पोर सासरी जशी वागते तशीच ती वागायची. कुणी उठ म्हणायच्या आत उठायची, कुणी रागावलं तर हसायची. आणि उखाणे तर तिच्या जिभेवर असत. कापूस वेचायला गेली तरी बाया तिला मध्ये घेऊन बसायच्या. त्या दिवशी सकाळपासून ती भाकरी थापता थापता उठून दाराची चौकट धरायची, ओठ दाबून उभी राहायची आणि काही झालंच नाही अशी पुन्हा परातीपाशी येऊन बसायची. ते चौकट धरणं लवकर लवकर व्हायला लागलं. तिनं लुगडं बदललं, थोड्या वेळानं पुन्हा बदललं. मी विचारलं तर कानाशी येऊन म्हणाली, "जाऊबाई, मले लघवीचं भानच नाही राहून राह्यलं वो. कोणाले सांगू नका."

मी तशीच आत्याबाईंकडे गेले. म्हटलं, "तिचं पाणी जाऊन राह्यलं. दमणी जुंपा, दिग्रसच्या दवाखान्यात नेऊ."

"तुले काय समजते?" आत्याबाई म्हणाल्या. "तू तं अजून बाळंतबी नाही झाली!"

हे कोण कुणाला म्हणत होतं! पण माझं तोंड बंद झालं, आणि ते बंद व्हावं म्हणूनच तर ते वाक्य होतं. आत्याबाईंनी विमलला माजघराच्या दारात उभं केलं. ओसरीवर मामंजी बसलेले, शेजारी कापसाच्या गाडीबरोबर आलेली चार माणसं. "घे नाव," आत्याबाई म्हणाल्या. विमलनं चौकट धरली. कपाळावर घाम, ओठ पांढरे. पण सासऱ्यांसमोर नाव घेताना चुकायचं कसं? तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "दिग्रसच्या बाजारात कापसाची गंजी, माधवरावांचं नाव घेते, ऐकतात मामंजी." ओसरीवर सगळे खदखदून हसले. मामंजी तर "वा पोरी!" म्हणाले. आत्याबाईंनी सांगितलं, "वारं हाये. ओवा द्या." दमणी अंगणातच उभी होती आणि बैल कडबा खात होते. त्या हसण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुपारी मुलाचे पाय आले. पायाळू होतं. सुईणीला बोलावलं, तिच्यानं काही होईना, तेव्हा कुठे दमणी जुंपली. दवाखान्यात पोचेपर्यंत मूल गेलं होतं. मुलगा होता. विमल वाचली. नर्सबाईंनी विचारलं, "पाणी सकाळी गेलं, तर सकाळी का नाही आणलं?" मामंजी बैलांकडे बघत राहिले. घरी आल्यावर आत्याबाई एकच वाक्य बोलल्या, "पण तिनं उखाणा कायले घेतला?" इतकं जिवाला लागणारं बोलणं मी आयुष्यात दुसरं ऐकलं नाही. आणि त्या ते खरंच विचारत होत्या. त्यांना कळतच नव्हतं.

त्यानंतर त्यांनी कुणाला नाव विचारलं नाही. उलट आता कुणी पोटुशी शिंकली तरी दमणी जुंपायच्या. माझ्या वेळी तर नववा लागल्यापासून बैल शेतावर जाऊच दिले नाहीत. वखरणी खोळंबली, मामंजी ओरडले, आत्याबाई जुवावर हात ठेवून उभ्याच. मला त्यांनी इतक्यांदा उगाच दवाखान्यात नेलं, की नर्सबाई मला बघून दारातूनच हात जोडायच्या. खरी वेळ आली तेव्हा आत्याबाई व्हरांड्यात फरशीवर बसून होत्या. मुलगा की मुलगी हे त्यांनी विचारलं नाही. "रडलं ना?" एवढंच विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर पदर तोंडावर घेऊन कितीतरी वेळ तशाच बसल्या.

दोन वर्षांनी विमलला पुन्हा दिवस गेले. ती आत्याबाईंना म्हणाली, "तुमी येऊ नका." आत्याबाई गेल्या नाहीत. विमल मुलगी घेऊन दमणीतून उतरली तेव्हा त्या फाटकाशी उभ्या होत्या, दोन्ही हात किंचित पुढे केलेले. विमल त्यांच्याजवळून सरळ आत गेली. आत्याबाई त्या रिकाम्या हातांनी बैलांचं जू सोडायला लागल्या. "बरं केलं तिनं," मला म्हणाल्या.

आत्याबाई गेल्या तेव्हा मी फार रडले, पण गोठ्यात जाऊन. मला त्या आवडायच्या. बसमधली ती धोतरं आठवली की अजून हसू येतं. पण हे मी घरात कधी बोललेले नाही, कारण चुलीपाशी माझ्या शेजारी विमल असते, आणि तिच्यासमोर हे बोलायचा मला हक्क नाही. आज ती लेकीला घेऊन पुसदला गेली आहे, म्हणून लिहायला बसले. संध्याकाळच्या बसनं ती परत येईल. त्याआधी डोळे धुऊन स्वयंपाकाला लागायला हवं.