घरच्या माणसाचं माप

आमचे हे आठवडाभर शिंपी असतात आणि रविवारी रेफरी. गळ्यात काहीतरी लटकत असलं की त्यांना बरं वाटतं. एरवी टेप, रविवारी शिट्टी. एकदा घाईघाईत टेपच घालून मैदानावर गेले होते. ते म्हणतात असं काही झालंच नाही. शिट्टी घेऊन धावत मी गेले होते, तेव्हा मला विचारा.

रग्बीत स्क्रम म्हणून एक प्रकार असतो. दोन्हीकडचे आठ-आठ धिप्पाड गडी वाकतात, डोकी एकमेकांत अडकवतात आणि बंद पडलेली बस ढकलावी तसे समोरच्यांना रेटतात. पुढच्या रांगेत कडेला असतो तो प्रॉप. त्यानं समोरच्याची जर्सी पाठीवर धरायची आणि कोपर वर ठेवायचं. कोपर खाली गेलं की समजायचं, गडी समोरच्याला खाली ओढतोय. मग सगळा ढीग धाडकन कोसळतो आणि पाडलं कोणी, हे देवालाही सांगता येत नाही. बाकीचे रेफरी मनाला येईल त्याचं नाव घेऊन मोकळे होतात.

आमचे हे सुरकुत्या बघतात. जर्सीवर आडवी सुरकुती असेल तर गडी ढकलतोय, तिरकी होऊन खाली उतरली तर ओढतोय. तीस वर्षं शिलाई केल्यावर यांना माणूस दिसतच नाही, कपडाच दिसतो. माझं वजन वाढल्याचंही यांनी माझ्या तोंडाकडे न बघता, बाहीकडे बघून सांगितलं होतं. मी दोन दिवस बोलले नाही, तेही यांच्या लक्षात आलं नाही.

माझा धाकटा भाऊ क्लबचा प्रॉप. वय छत्तीस, गुडघे साठीचे, हौस विशीची. यंदा क्लबच्या जर्सी यांनीच शिवल्या. सगळ्या गड्यांना एकेक करून दुकानात उभं केलं, मापं घेतली. भावाला मात्र म्हणाले, "तुझं कसलं माप घ्यायचं? घरचाच तू." आणि मापवहीतलं त्याच्या लग्नातल्या कोटाचं माप काढून कापड कापलं.

नव्या जर्सीतल्या पहिल्याच सामन्यात यांनी त्याच्याविरुद्ध चार पेनल्टी दिल्या, वर पिवळं कार्ड दाखवून दहा मिनिटं बाहेर बसवलं. कोपर खाली, स्क्रम पाडला, हाच गुन्हा चारही वेळा. भाऊ म्हणाला, "मी पाडला नाही." हे म्हणाले, "मला दिसलं." झालं. भावानं आमच्याकडे येणं बंद केलं, माझ्या लेकीच्या वाढदिवसालाही आला नाही. गावात रेफरी दोनच, त्यातल्या दुसऱ्याच्या पायाला प्लास्टर, त्यामुळे पुढचे सामनेही यांच्याच गळ्यात. त्यात प्रशिक्षकानं भावाला बजावलं, अजून एक पिवळं कार्ड मिळालं तर हंगामभर घरी बसायचं. छत्तिसाव्या वर्षी घरी बसलेल्याला पुन्हा कोण बोलावतं? माझा जीव टांगणीला लागला होता. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला भाऊ, आणि दोघेही एक नंबरचे हट्टी.

महिन्याभरानं पुन्हा सामना आला. पहिल्या वीस मिनिटांतच दोन पेनल्टी. तिसऱ्या स्क्रमला गडी वाकले, हे शेजारी ओणवे झाले आणि एकदम शिट्टी वाजली. स्क्रम तर अजून उभाच होता. हे भावाच्या काखेकडे टक लावून बघत होते. सुरकुती पाठीवरून निघालीच नव्हती, मुंढ्यापासून, म्हणजे बाही जोडतात तिथून, गळ्याकडे चालली होती.

"हात वर कर," हे म्हणाले.

"होत नाही."

"का होत नाही?"

"काखेत काचतंय! पहिल्या दिवसापासून काचतंय!"

"मग मला सांगायचं नाही?"

"कसं सांगणार, भावोजी? मी तुमच्याशी बोलत नव्हतो ना!"

यांनी प्रथमोपचाराच्या पेटीतली कात्री मागवली आणि भर मैदानात भावाच्या काखेतली शिवण टराटरा उसवली. मग दोन्ही कप्तानांना बोलावून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मुंढा मी तंग कापला. या गड्याची चूक नव्हती." बघायला आलेले अर्धे लोक आमचं गिऱ्हाईक. दिलेली पेनल्टी परत घेता येत नाही आणि गेलेलं गिऱ्हाईकही सहसा परत येत नाही, हे यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी म्हणाले. खरं सांगते, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या क्षणाइतका हा माणूस मला कधी आवडला नव्हता.

पुढचे सगळे स्क्रम झकास झाले, भावाचं कोपर वर. शेवटची पाच मिनिटं उरली. समोरचे रेटत रेटत पार आमच्या रेषेजवळ आले, ती ओलांडली की गुण त्यांचे, आणि स्क्रम पुन्हा कोसळला. शिट्टी वाजली. यांनी खिशात हात घातला आणि भावासमोर पिवळं कार्ड धरलं.

मी डोळे मिटून घेतले. आता हा यांच्या अंगावर जाणार, आणि माझं माहेर संपणार.

शेजारी बाक करकरला. भाऊ येऊन बसला होता, काखेत हे एवढं भोक, तोंडभर चिखल. हंगाम संपला होता त्याचा.

"ताई," तो म्हणाला, "या वेळी मीच पाडला."

"आणि आधीचे?"

"ते भावोजींनी," म्हणाला, आणि माझ्या हातातली पाण्याची बाटली ओढून घेतली.