किल्ली मुठीत, डोळे मिटलेले

आज वहीत देवाचं नाव लिहून झालं आणि पुढची ओळ वन्संची. देव रागावणार नाही.

वन्सं म्हणजे माझ्या मोठ्या नणंद. शाळेची बस चालवतात. हिने नवरा केला नाही, बस केली, असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. पहाटे मी देवापुढच्या दिव्यात तेल घालते, तेव्हा शेजारी सतरंजीवर वन्संचा श्वासाचा भाता सुरू होतो. फुस्स, फुस्स. सुरुवातीला माझा जप चुकायचा. देवाला सर्दी होईल तुमच्यानं, असं मी म्हणायची. त्या हसायच्या आणि दुसरी नाकपुडी धरायच्या.

पण हे खूळ नव्हे. पूर्वी त्या चहाच्या जोरावर बस चालवायच्या. चहाने पित्त वाढलं, झोप काही हटली नाही. एका दुपारी सिग्नलला उभ्या असताना त्यांचा डोळा लागला, तो मागच्या गाडीच्या हॉर्नने उघडला. कुणाला काही झालं नाही. बसमधली पोरं गाणी म्हणत होती. वन्सं मात्र घरी येऊन कितीतरी वेळ पायरीवरच बसून राहिल्या. त्यानंतर त्यांनी प्राणायामाचा वर्ग लावला. आता दुपारच्या फेरीआधी, रिकाम्या पोटी, शाळेच्या फाटकाशी बस बंद करतात, किल्ली डाव्या मुठीत धरतात. आधी भस्त्रिका, म्हणजे तो भाता, मग एकेका नाकपुडीने सावकाश श्वास, मग थोडा वेळ डोळे मिटून स्वस्थ. काच पुसावी तसं डोकं लख्ख होतं म्हणतात. डबा फेरी संपल्यावरच.

त्या शेवटच्या स्वस्थपणाचा कुणा आईने बाहेरून फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला, ड्रायव्हरबाई झोपल्यात म्हणून. उचलली जीभ, लावली टाळ्याला. बसगाड्यांच्या मॅनेजरने वन्संची बस काढून घेतली. माफी लिहून द्या म्हणाला, आणि यापुढे ते नाक धरणं सीटवर नको, लोकांत बरं दिसत नाही.

घरी जो तो शहाणा झाला. ह्यांचं म्हणणं, ताई, लिहून दे आणि मोकळी हो, अंगाला काय भोकं पडतात? सासूबाई म्हणाल्या, नाक दाबलं की तोंड उघडतंच, तुझंही उघडेल. त्यावर वन्सं जेवता जेवता म्हणाल्या, "आई, माझं नाक मी रोज दाबते. मला सवय आहे."

नंतर भांडी पुसताना मी विचारलं, एवढा हट्ट कशाला?

"अगं, खरंच डोळा लागला तेव्हा मला कुणी पकडलं नाही. आता जागी असते, त्याची माफी मागू?"

सकाळी मी त्यांचा डबा नेहमीसारखा भरला.

त्या गणवेश घालून रोज जात राहिल्या. मॅनेजरच्या दारासमोरच्या बाकावर बसायचं आणि भाता सुरू. तो फोनवर बोलू लागला की फुस्स. त्याने दार लावून घेतलं, तर ह्या खिडकीखाली. हसणारे हसले. इकडे बदली ड्रायव्हरला गल्ल्या सापडेनात, मुलं उशिरा पोचू लागली, आणि त्याच ग्रुपवर आता त्याच्या नावाने शंख सुरू झाला. काल मॅनेजरने किल्ली टेबलावरून पुढे सरकवली. माफीचं राहू द्या, पण सीटवर नको, एवढंच म्हणाला.

"बस सीटवरून चालवते, तर तेही सीटवरच होणार," असं म्हणून वन्संनी किल्ली उचलली. तो घड्याळाकडे बघत राहिला.

आज त्या डबा विसरल्या, म्हणून मी फाटकापर्यंत गेले. मुलांना न्यायला आलेल्या बायका उभ्या होत्या. फोटोवाली त्यांच्यातच होती, चपलेचा पट्टा सारखा करत. वन्संनी बसचं दार सताड उघडलं आणि सीटवर ताठ बसल्या.

"या ताई, जवळून काढा. मागच्या वेळी किल्ली आली नव्हती फोटोत."

मूठ उघडून किल्ली दाखवली, परत मिटली, आणि भाता सुरू केला. शाळेची घंटा होईपर्यंत एकीनेही फोन वर केला नाही. मग वन्संनी डोळे उघडले, माझ्या हातातला डबा घेऊन सीटमागे ठेवला आणि किल्ली लावली.