कारीसाहेबांच्या मुलीची सनद

माझ्या थोरल्या बहिणीला समोरच्याच्या तोंडात बघायची सवय आहे. भाजीवाला भाव सांगत असतो आणि हिचं लक्ष त्याची जीभ कुठे टेकते याकडे. एकदा बँकेतल्या माणसाने कंटाळून विचारलं, "बाई, माझ्या दातांत काही अडकलंय का?" ती म्हणाली, "नाही, तुमचा त फार स्वच्छ आहे." मी तिला हाताला धरून बाहेर आणलं.

तिला आम्ही सगळे आपा म्हणतो. घरातलेही आणि गल्लीतलेही. आमच्या पुढच्या खोलीत ती मुलींना कुरआन वाचायला शिकवते, तीस वर्षं झाली. वाचायला म्हणजे नुसतं अक्षर ओळखायला नाही, अक्षर अचूक उच्चारायला. अरबीत सात अक्षरं जाड. ती म्हणताना जिभेची मागची बाजू टाळूकडे उचलायची, मग आवाज तोंडभर भरतो. बाकीची बहुतेक बारीक, त्यांना जीभ खाली ठेवायची. सीन आणि साद दोन्ही आपल्या स सारखे, पण सीन बारीक, साद जाड. तसेच ते आणि तोय हे दोन त, ते बारीक, तोय जाड. नवख्या मुली जाड अक्षर काढायला ओठांचा चंबू करतात. आपा त्यांच्या हनुवटीखाली बोट धरते आणि म्हणते, "ओठांना सुट्टी दे. काम जिभेचं आहे." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

ती हे सगळं आमच्या अब्बांकडून शिकली. अब्बा पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसवर होते. सकाळी आठ ते चार पत्रा कापायचा, पाच वाजता अंघोळ करून पांढरा सदरा घालायचा आणि मग ते कारीसाहेब, म्हणजे कुरआनपठणाचे गुरुजी, व्हायचे. आसपासच्या चार वस्त्यांत सनद असलेले ते एकटेच. सनद म्हणजे गुरूने शिष्याला लिहून दिलेला कागद. याने माझ्यासमोर पूर्ण कुरआन पाठ म्हटलं, बरोबर म्हटलं, आता हा दुसऱ्याला शिकवू शकतो आणि दुसऱ्याला सनद देऊ शकतो, असा. त्यावर गुरूचं नाव, गुरूच्या गुरूचं, त्याच्याही गुरूचं, अशी नावांची साखळी असते. अब्बा ती साखळी तोंडपाठ म्हणायचे. आपाला त्या साखळीत अब्बांच्या खाली स्वतःचं नाव हवं होतं. आयुष्यात तिने दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मीही शिकायला बसले होते. अकराव्या वर्षी अब्बांनी मला नापास केलं आणि मी आनंदाने नापास झाले. अब्बा कारखान्यातल्या लॉकरची किल्ली हातात धरून बसायचे. चूक झाली की पुढ्यातल्या लाकडी चौरंगावर दोनदा टकटक. कुठे चुकलं ते सांगायचे नाहीत, आपणच शोधायचं. माझ्या वाचनात टकटकच जास्त ऐकू यायची. आपा वाचायला लागली की किल्ली नुसती पडून असायची. तेराव्या वर्षापासून आपा सनदेची तयारी करत होती.

पण अब्बांचा एक नियम होता, त्यांचा स्वतःचा. सनदेसाठीचं वाचन एकसलग झालं पाहिजे. मध्ये चाळीस दिवसांहून जास्त खंड पडला तर पुन्हा पहिल्या पानापासून. एकोणिसाव्या वर्षी आपाने सुरुवात केली, कुरआनच्या तीस हिश्श्यांपैकी तिसऱ्यापर्यंत आली आणि तिचं लग्न झालं. दोन वर्षांनी ती ट्रंक घेऊन परत आली. का आली ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही, तिची मनगटं बघितल्यावर विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. सत्ताविसाव्या वर्षी पुन्हा पहिल्या पानापासून. निम्म्यापर्यंत गेली आणि अम्मीचं अर्धं अंग गेलं. अम्मीला उठवणं, धुणं, भरवणं सहा वर्षं आपाने केलं. मी म्हटलं, "अब्बा, हा खंड तिने हौसेने पाडलाय का?" अब्बा म्हणाले, "नियम घरच्यांना वेगळा आणि बाहेरच्यांना वेगळा, असं मला जमत नाही." त्यांना हे न्यायाचं वाटत होतं. मला अजूनही त्यांचा राग येतो, तो इथून सुरू होतो.

दुसऱ्या शहरातल्या एका बाईंकडे जाऊन वाचावं असं आपाने एकदा सुचवलं. अब्बा दोन दिवस जेवले नाहीत. "माझी मुलगी दुसऱ्याच्या दारात जाऊन वाचणार, आणि मी जिवंत असताना?" आपाने त्या विचारावर पाणी सोडलं.

तिसऱ्यांदा ती बसली तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती. अब्बा निवृत्त झाले होते, अम्मी गेली होती, खंड पडायचं काही कारणच नव्हतं. आणि पहिल्याच पानावर किल्ली वाजली. आपा थांबली, मागे गेली, पुन्हा वाचलं. पुन्हा टकटक. तिला चूक सापडेना. शेवटी अब्बा स्वतःच म्हणाले, आणि ते असं कधी करत नसत, "सीन जाड होतोय. त्याचा साद होतोय." आपाचा सीन कसा आहे हे मला कळतं. नापास झाले तरी त्याच घरात वाढले मी. तो सीन सुईसारखा होता.

मग रोज तेच. सीन जाड. ते जाड. प्रत्येक बारीक अक्षर त्यांना जाड वाटायचं. दोन वर्षांत आपा तीसपैकी चार हिस्से पुढे सरकली. एके दिवशी अब्बांनी किल्ली खिशात टाकली आणि म्हणाले, "वय झालं की जीभ जड होते. तुझा दोष नाही." आपा उठून चहा ठेवायला गेली.

मी एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. कुकरच्या शिट्टीकडे अब्बांचं लक्ष जात नाही, दारावरची घंटा त्यांना ऐकू येत नाही, पण खालून ट्रक गेला की ते दचकतात, हे माझ्या ध्यानात आलं होतं. साखर तपासायची आहे असं खोटं सांगून मी त्यांना आमच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून त्यांना आवाज ऐकवले. कागदावरची रेघ डावीकडे, जाड आवाजांपाशी, ठीक होती, उजवीकडे, बारीक आवाजांपाशी, धाडकन खाली आली होती. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "यंत्राजवळ काम केलंय का यांनी? बारीक आवाज गेलेत. स, फ, शिट्टी, सळसळ यातलं जवळजवळ काही पोचत नाही. जाड आवाज मात्र पोचतात."

कारखान्यात कानात घालायला बोळे मिळायचे. सगळे घालायचे, अब्बा घालत नसत. पत्रा कापता कापता ते मनातल्या मनात नव्हे, तोंडाने उजळणी करायचे आणि स्वतःचं वाचन त्यांना ऐकायचं असायचं. अडतीस वर्षं त्या प्रेसपाशी ते आपला सीन तपासत उभे होते, आणि तिथेच तो त्यांनी गमावला.

घरी येऊन मी कागद त्यांच्यासमोर ठेवला. डॉक्टरबाई जे म्हणाल्या ते सगळं, मोठ्या आवाजात सांगितलं. ऐकायचं यंत्र मिळतं, तेही सांगितलं. अब्बांनी कागदाची घडी घातली, आणखी घडी घातली, पुडीएवढी झाली तेव्हा म्हणाले, "यंत्र लावलं तर लोक विचारतील, कधीपासून ऐकू येत नाही? मग मी दिलेल्या सनदांचं काय?" मी म्हटलं, "आणि आपाचं काय?" आपा दारात उभी होती. तिने मला गप्प बसायची खूण केली. मी मूग गिळून बसले. तेव्हा बसायला नको होतं.

कारण तोवर अब्बांनी त्या कानांवर तीन सनदा दिल्या होत्या आणि पुढच्या वर्षी चौथी दिली. ती स्टेशनरीवाल्याच्या सुनेला. ही मुलगी आपाकडेच शिकलेली, हुशार, आणि पाणी कुठे वाहतंय ते आधी बघणारी. अब्बांसमोर बसल्यावर महिन्याभरात तिच्या लक्षात आलं, की ओठ दोन्ही बाजूंना ताणले, दातांतून शीळ घातल्यासारखा सीन काढला आणि शेजारच्या जाड अक्षराचंही वजन उतरवलं, तर किल्ली वाजत नाही. तिने अख्खं कुरआन तसंच म्हटलं. अब्बा खूश झाले. जाताना ती स्वयंपाकघरात आली आणि आपल्या परीने चांगल्याच मनाने म्हणाली, "आपा, तुम्ही पण थोडं बारीक करा ना. त्यांचं समाधान होतं." आपा म्हणाली, "चहा घेऊन जा."

अशी दहा वर्षं गेली. अब्बा एकोणऐंशीचे झाले, मूत्रपिंडं थकली. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सहा-आठ महिने सांगितले. त्याच सुमारास मुलींच्या मोठ्या मदरशाला मुख्य शिक्षिका हवी होती. त्यांची एक बाई घरी येऊन गेली. "तुमच्यासारखं कोणी शिकवत नाही हे आम्हाला ठाऊक आहे," ती म्हणाली, "पण सनदेशिवाय कमिटी ऐकणार नाही." अब्बा पलंगावर उशीला टेकून बसले होते. ती गेल्यावर त्यांनी मला दार लावायला सांगितलं. मग म्हणाले, "मी गेल्यावर या घरात सनद राहणार नाही." त्यांचे डोळे भरले होते. त्यांनाही ते हवंच होतं, हे मला मान्य करायला पाहिजे. फक्त त्यासाठी कानात बोटभर यंत्र घालायची त्यांची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपा चौथ्यांदा पहिल्या पानाला बसली. त्रेपन्न वर्षांची होती. मी रजेवर होते, शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. किल्ली वाजली. ती मागे गेली. किल्ली वाजली. तिसऱ्यांदाही वाजली आणि मग शांतता. मला वाटलं, उठली. पण ती वाचायला लागली, आणि मी हातातला टॉवेल खाली ठेवला. ओठ ताणलेले मला भिंतीपलीकडूनही कळत होते. शीळ घातल्यासारखा सीन. जाड अक्षरांची हवा काढून घेतलेली. किल्ली एकदाही वाजली नाही.

ती बाहेर आली तेव्हा मी काही विचारणार होते. ती सरळ मागच्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं आणि तीच पानं पुन्हा वाचली. नीट, प्रत्येक अक्षराचं वजन त्याचं त्याला देऊन. मग स्वयंपाकाला लागली. हे रोज चाललं, साडेचार महिने. दुपारी अब्बांसमोर चुकीचं, मग मागच्या खोलीत बरोबर. अल्लाहचा शब्द ती जाणूनबुजून बिघडवत होती आणि रोज माफी मागत होती. माझ्यासारख्या बाईलाही ते बघवेना. एकदा मी म्हटलं, "सोड हे. काही नको तो कागद." ती म्हणाली, "त्यांच्यासाठी पण आहे गं तो." आणखी थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्यासाठी जास्त आहे."

शेवटचं पान झालं तेव्हा मी खोलीतच होते. अब्बांचा श्वास लागत होता, पण चेहरा उजळला होता. त्यांनी आपाचं डोकं दोन्ही हातांत धरलं. चाळीस वर्षांत मी त्यांना असं करताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, "बघ, शेवटी जमलं. चाळीस वर्षं तू चुकीचं वाचत होतीस बेटा. आता बरोबर झालं."

आपा म्हणाली, "हो अब्बा."

मी बाहेर निघून गेले. तिथे थांबले असते तर मरणाऱ्या माणसाला नको ते बोलले असते.

सनद त्यांनी स्वतः लिहिली. सगळी साखळी, शेवटी त्यांचं नाव, खाली तिचं. सात आठवड्यांनी ते गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, भाग्यवान माणूस, लेकीला सनद देऊन गेला. चाळीस दिवस झाल्यावर मदरशाची बाई पुन्हा आली. जागा अजून रिकामी होती. आपाने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नाही म्हणून सांगितलं.

त्या दिवशी मी तिच्याशी भांडले. आयुष्यात दोनदाच भांडलेय, त्यातलं हे दुसरं. म्हटलं, "जीव जाळून मिळवलास ना कागद? मग आता काय आडवं आलं?" ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्यावर काय लिहिलंय ते माहीत आहे का तुला? हिने माझ्यासमोर जसं वाचलं, तसं शिकवायची हिला परवानगी आहे. तसं मी कोणाला शिकवू?"

जागा स्टेशनरीवाल्याच्या सुनेला मिळाली. तिच्याकडे सनद आहे, कारीसाहेबांची आहे, आणि त्यात खोट काढायला आता कोणी उरलेलं नाही. तिथे अडीचशे मुली ओठ ताणून वाचतात. आमच्या पुढच्या खोलीत अकरा आहेत. त्यातल्या एखादीचं वाचन असं तयार होतं, की मी हातातलं काम ठेवून ऐकत बसते, आणि मग तिची आई येऊन सांगते की आता हिला सनदेसाठी मदरशात घालायचंय. आपा अडवत नाही. मुलगी निरोप घ्यायला येते तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून एवढंच सांगते, "तिथे बाई म्हणतील तसं वाच."